वाघासारखा माणूस रडला, म्हणजे बदलला का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही कळेल. लग्नाला सतरा वर्षं झाली. सासर निफाड तालुक्यातलं, जुनं बागायतदार घर, गावात शब्दाला वजन. नवरा सोसायटीवर संचालक. या सतरा वर्षांत टाकून बोलणं रोजचं, मारहाण अधूनमधून, आणि तुमचे दागिने तुम्हाला न विचारता बँकेत तारण. दिवाळीनंतर एका रात्री दहावीतल्या मुलीने मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलं आणि थेट मामाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघी नाशिकला माहेरी आलात. मग बैठक बसली, आणि आयुष्यात कुणापुढे मान न वाकवलेल्या माणसाने दहा जणांत तुमचे पाय धरले. आता त्याने दारू सोडली आहे, गळ्यात माळ घातली आहे, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जाऊन आला. सासूबाई म्हणतात, "वाघासारखा माणूस रडला, अजून काय त्याची सालटी काढणार?" भाऊही म्हणायला लागलाय की पाडव्याच्या आत जा. आणि तुम्ही विचारता, असा माणूस खरंच बदलतो का?

मी नाशिकमध्ये कौटुंबिक समुपदेशन करते, वीसेक वर्षं झाली. सुरुवातीला फक्त बायकांशी बोलायचे. पुढे पुरुषांबरोबरही बसू लागले, कारण बाईने स्वतःत कितीही बदल केले तरी मारणारा हात तिचा नसतो. सातपूर-अंबडचे कारखानदार, गंगापूर रोडचे डॉक्टर, बिल्डर, तुमच्या भागातले बागायतदार, असे पुष्कळ जण समोर बसून गेले. पुढे जी उदाहरणं देते त्यांतले तपशील ओळख पटू नये इतके बदललेले आहेत.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. असा माणूस बदलू शकतो का? तुमचा नवरा बदलला आहे का? आणि तुम्ही परत नांदायला जावं का? बैठकीतल्या मंडळींनी पहिल्याला 'हो' म्हटलं आणि तोच 'हो' तिसऱ्याला चिकटवून टाकला. मधला प्रश्न कुणी विचारलाच नाही. मी विचारणार आहे, कारण त्याचं उत्तर तुमच्या पत्रातच बऱ्यापैकी आहे.

त्याआधी एक गोष्ट बाजूला काढते. त्याने कधी तुमचा गळा दाबला असेल, कोयता-काठी उगारली असेल, 'तुला मारून मग मी मरेन' असं म्हटलं असेल, किंवा तुम्ही माहेरी आल्यापासून तो घराभोवती घिरट्या घालत असेल, तर खालचं सगळं तुम्हाला लागू नाही. तिथे बदलाची वाट बघायची नसते, तिथे जीव सांभाळायचा असतो. गळा दाबण्याला लोक 'नुसता गळा धरला' म्हणून सोडून देतात. माझ्या कामात मी त्याला सगळ्यांत गंभीर खूण मानते. अशा वेळी ११२ ला फोन, आणि मग बाकीचं.

तसं नसेल असं धरून पुढे जाऊ.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. माणसं बदलतात, गर्विष्ठ आणि पैसेवाली माणसंही बदलतात, मी बघितली आहेत. फार नाहीत. आणि जी बदलली त्यांच्यात रडणारी किती होती हे आठवू लागले तर रडण्याचा काही संबंध लागत नाही. काही जण पहिल्या बैठकीत ओक्साबोक्शी रडले आणि वर्षाच्या आत मूळ पदावर आले. एक-दोघे महिनाभर माझ्याशी भांडत होते, 'मॅडम, तुम्ही एकतर्फी आहात' म्हणत होते, आणि तेच पुढे बदलले.

मोठ्या घरातल्या माणसाला बदलायला वेगळी अडचण काय, ते सांगते. लोक म्हणतात त्याचा अहंकार मोठा. असेल, पण माझ्या मते मुख्य अडचण ही की त्याच्या चुकीचा चटका त्याच्यापर्यंत कधी पोचलेलाच नसतो. तो हात उचलतो आणि सकाळी आई सुनेला म्हणते, जरा डोक्यावर पदर घे, गडी-माणसं येतील. ओळखीचा डॉक्टर कागदावर 'घरात पाय घसरून पडल्या' असं लिहितो. भाऊ दागिन्यांचं सांभाळून घेतो. ठाण्यातला साहेब चहा पाजून परत पाठवतो. बैठकीला जे पंच असतात त्यांतले निम्मे त्याच्याच पंगतीचे. शेतावर मजूर 'मालक' म्हणतात, घरीही सगळे त्याच सुरात बोलतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्याचं प्रत्येक सांडलेलं दुसऱ्याने पुसलं, त्याला आपण काही सांडतो याचीच कल्पना नसते.

'तो तापट आहे, राग आवरत नाही' हे तुम्हीही लिहिलंय. मला ते पटत नाही. एका बागायतदाराचं सांगते. व्यापारी माल उचलून पैसे न देता पळाला होता. द्राक्षपट्ट्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. हा माणूस दिवसभर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसला. हवालदाराने उद्या या म्हणून सांगितलं, याने हात जोडले आणि निघाला. घरी आला, भाजी गार होती, ताट भिरकावलं आणि बायकोला मारलं. मी त्याला एवढंच विचारलं की ठाण्यात बसला होतात तेव्हा राग कुठे होता? त्याला उत्तर सुचलं नाही, पण त्या दिवसापासून तो 'माझा स्वभावच तसा' हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा बोलला नाही. राग त्याला उत्तम आवरत होता. कुणावर काढायला परवानगी आहे हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. ती परवानगी काढून घेणं, आणि ती आपली कधी नव्हतीच हे त्याला मनापासून पटणं, हा बदल. यात दारू हा मोठा भाग असू शकतो, पण मूळ नव्हे. दारू सुटली ही चांगलीच गोष्ट आहे. ज्याची दारू सुटली आणि परवानगी तशीच राहिली, तो शुद्धीत मारतो एवढाच फरक पडतो.

आता पाय धरण्याविषयी. तुमच्या जागी मी असते तर मलाही आतून हललं असतं. पण नंतर शांतपणे बघायचं असतं की तो कशासाठी रडला. मुलीने पाठवलेलं रेकॉर्डिंग भाऊबंदांच्या मोबाईलवर गेलं, गावात बोभाटा झाला, संचालकपदाचं काय होईल ही धास्ती बसली. हे दुःख खोटं नाही, फार खरं असतं. पण ते स्वतःच्या पडलेल्या मानाचं दुःख आहे. मान परत मिळाला की ते ओसरतं. आणि मोठ्या घरात मान परत मिळवायचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे बायको घरी परत आणणं. म्हणून पाडव्याची घाई.

सम्राट अशोकाचा पश्चात्ताप आपण शाळेत शिकतो. तेराव्या शिलालेखात तो सांगतो की कलिंगाच्या युद्धात एक लाख माणसं मेली, दीड लाख पकडून नेली, आणि त्याचं त्याला दुःख आहे. एवढ्या बलाढ्य राजाने दगडावर असं कोरून घ्यावं ही मोठीच गोष्ट. पण हा लेख साम्राज्यात दूरदूर कोरला गेला आणि खुद्द कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगड इथे, तो नाही. तिथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. शिवाय त्याच तेराव्या लेखात रानात राहणाऱ्या लोकांना ताकीद दिलेली आहे की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्याकडे शिक्षा करण्याची ताकद आहे. आणि नेलेल्या दीड लाखांना घरी परत पाठवलं असं त्यात कुठे येत नाही. अशोकाने पुढे पुष्कळ चांगलं केलं, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्यासमोर जेव्हा एखादा माणूस गावभर माफी मागून येतो, तेव्हा मी विचारते: जिला मारलं तिला काय सांगितलं? तिचं जे घेतलं होतं ते परत दिलं का? आणि माफीच्या खाली कुठे ताकीद दडलेली आहे का?

तुमच्या पत्रात दागिने अजून बँकेतच आहेत. तारण कुणाच्या कर्जाला, किती, सोडवणार कधी, यातलं काही बैठकीत निघालं नाही. पाय धरायला एक मिनिट लागतं. दागिने सोडवायला पैसे लागतात, आणि बँकेत जाऊन 'हे माझे नव्हते' म्हणावं लागतं. तो त्र्यंबकला पायी गेला. बँकेत जाणं त्यापेक्षा जवळ होतं. (वारकऱ्यांनी रागावू नये. माळ घालून खरोखर सुधारलेली माणसं मी पाहिली आहेत. माळेला बोल नाही, माळेआड लपण्याला आहे.)

एका घरात याहून मोठा थाट झाला होता. नवऱ्याने गावात सप्ताह ठेवला, गावजेवण घातलं, काल्याच्या दिवशी माईक हातात घेऊन 'मी माझ्या लक्ष्मीचा अपराधी आहे' म्हणाला. बायका रडल्या. ती बाई परत गेली. पहिले काही महिने बरे गेले. मग एक दिवस तिने शेतीच्या हिशोबाबद्दल काही विचारलं, तर तो म्हणाला, "सगळ्या गावासमोर नाक घासलं तुझ्यासाठी, अजून किती खाली आणणार मला?" म्हणजे ती माफी त्याच्या वहीत उसनवारी म्हणून लिहिलेली होती आणि आता वसुली सुरू झाली. तुमच्या सासूबाईंचं 'अजून काय सालटी काढणार' हे वाक्य मला त्याच जातीचं वाटतं. ते तुमचा नवरा बोललेला नाही हे मान्य. पण ते बोललं गेलं तेव्हा तो तिथे होता का, आणि काय म्हणाला, हे मला जास्त महत्त्वाचं आहे.

आणि इथेच मी तुमच्या पत्रात अडखळले. मुलीबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात: ती वडिलांशी बोलत नाही, आणि सासूबाई फोनवर सगळ्यांना सांगतात की पोरीने घर फोडलं, आणि तुमचा नवरा ते गप्प ऐकून घेतो. तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे.

बघा, त्याची चूक त्याला कुणी दाखवली? बैठकीने नाही, महाराजांनी नाही. पंधरा वर्षांच्या मुलीने दाखवली, आणि तीही घाबरत, रात्री, दाराआडून. तो जर खरंच म्हणत असेल की माझे डोळे उघडले, तर ते जिने उघडले तिला घरात कुठली जागा आहे? बदललेला बाप आपल्या आईला म्हणतो, "तिला एक शब्द बोलायचा नाही. तिने केलं ते बरोबर केलं, चूक माझी होती." हे एक वाक्य त्याने स्वतःच्या आईसमोर, भावासमोर, तुमच्या अनुपस्थितीत उच्चारलं, तर मी त्याला दहा माणसांत पाय धरण्यापेक्षा कितीतरी वर ठेवीन. कारण पाय धरताना त्याचं काही जात नाही, उलट लोक म्हणतात, केवढा मोठ्या मनाचा. आईला गप्प करताना मात्र त्याला घरातली आपली पाठराखण सोडावी लागते. तो आजवर गप्प आहे. म्हणून मधल्या प्रश्नाचं आजचं उत्तर: अजून नाही. पुढे होणारच नाही असं मी म्हणत नाही.

ज्याला मी बदललेला माणूस म्हणते त्याचं एक उदाहरण देते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई सगळ्या पुरुषांवर खार खाऊन आहे. मध्यम आकाराच्या कारखान्याचा मालक, शिकलेला, इंग्रजी फाडफाड. पहिल्या काही भेटींत तो आमचीच भाषा शिकून आला होता: बालपणाचे घाव, ट्रिगर, टॉक्सिक वातावरण. हल्ली हा एक नवा प्रकार आहे. पूर्वी लोक नशिबाला दोष द्यायचे, आता बालपणाला देतात. मी त्याला म्हटलं, बालपण नंतर बघू, आधी त्या रात्री काय केलंत ते सांगा. सांगता सांगता प्रत्येक वेळी बायकोचं काहीतरी निघायचं, तिने उलट उत्तर दिलं, तिने माहेरी फोन लावला. तिचा उल्लेख न करता स्वतःची कृती सांगायला त्याला फार दिवस लागले. ज्या दिवशी ती सलग सांगितली त्या दिवशी तो रडला नाही. पांढरा पडला.

त्यानंतर त्याने जे केलं ते कंटाळवाणं होतं, म्हणूनच माझा विश्वास बसला. बायकोचे दागिने आणि तिच्या वडिलांनी दिलेली ठेव तिच्या नावावर, तिच्या ताब्यात दिली. 'परत ये मग देतो' असं नाही. दर महिन्याचे पैसे ठरल्या तारखेला, न मागता. आपल्या थोरल्या भावाला स्पष्ट सांगितलं की मध्यस्थीला कुणी जायचं नाही. मुलाला, जो शाळेत पोरांना बडवत होता, समोर बसवून म्हणाला की हे तू माझ्याकडून शिकलास आणि मी चुकीचा होतो. बायको परत आली नाही. तिने शांतपणे सांगितलं की तुमचा बदल मला दिसतो, पण तुमच्या पावलांचा आवाज आला की अजून माझं पोट आवळतं, मला हे आयुष्यभर नको. संमतीने घटस्फोट झाला. मी खरी वाट बघत होते ती त्यानंतर काय होतं याची. तो तसाच राहिला. पैसे थांबले नाहीत, टोमणे नाहीत, नातेवाइकांत तिची बदनामी नाही.

म्हणून तुमच्या भावाला हे वाचून दाखवा: तो बदलला तरी तुम्ही परत गेलंच पाहिजे असं नाही. त्याचा बदल ही त्याची जबाबदारी आहे, तुमच्या परतीची किंमत नव्हे. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्यांत आठवी पायरी आहे, ज्यांना आपण दुखावलं त्यांची यादी करायची. नववी, शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई करायची. पण तसं करण्याने त्या माणसाला आणखी इजा होणार असेल तर करायची नाही. तुमच्या नवऱ्याने दारू सोडली आहे तर त्याला ही नववी पायरी कुणीतरी समजावून सांगायला हवी. माफी मागून स्वतःला हलकं वाटावं म्हणून तुमच्या दारात येऊन बसायची मुभा त्यात नाही.

मोठ्या घरातल्या पुरुषाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तो बदलू लागला की त्याला टोचणारे पुष्कळ असतात. ढाब्यावर मित्र, चौकात चुलते, घरात आई. 'बायकोच्या ताटाखालचं मांजर झालास' हे ऐकवायला कुणी पैसे घेत नाही. सुरुवातीला प्रामाणिक असलेले काही जण या टोमण्यांनीच मागे फिरले. म्हणून मी अशा माणसाला पहिल्याच भेटीत विचारते की तुमच्या ओळखीत असा एक तरी पुरुष आहे का, जो तुम्हाला 'चुकलास' म्हणेल आणि तरी तुमचा मित्र राहील? बहुतेकांकडे नसतो. हांजी-हांजी करणारे असतात. पुरुषांनी पुरुषांबरोबर बसून हे काम करायला हवं. मुंबईत 'मावा' ही संस्था १९९३ पासून याच विचाराने काम करते. त्याला खरोखर मदत हवी असेल तर त्याने स्वतः शोधावी, स्वतः फोन करावा, स्वतःच्या खर्चाने जावं. तुम्ही अपॉइंटमेंट घेऊन देऊ नका. ज्या माणसाला युरोपात द्राक्षं पाठवायचे कागद जमतात त्याला समुपदेशकाचा पत्ता शोधणंही जमतं.

आता बैठकीत कुणीतरी म्हणालं ते: कायदा-बियदा आणला तर तो चिडेल, प्रेमाने घ्या. हे मी नेहमी ऐकते, आणि नाशिककरांना मी आपल्याच गावाची आठवण देते. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांसारखे सहकारी, हजारो माणसं, पाचेक वर्षं. इतकी शिस्त, इतका संयम, तरी दार उघडलं नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ ला आला. ती लढाई फार मोठी होती, तुमच्या घरच्या गोष्टीशी तिची बरोबरी मी करत नाही. पण ज्याच्या हातात किल्ली आहे त्याचं मन आधी बदलेल आणि मग दार उघडेल, हा क्रम क्वचितच खरा ठरतो. आधी बाहेरून मर्यादा येते. त्या मर्यादेत राहता राहता काहींचं मनही बदलतं. माझ्याकडे आलेल्या पुरुषांतही ज्यांच्यावर कोर्टाचा आदेश होता ते 'प्रेमाने घेतलेल्यां'पेक्षा जास्त गंभीरपणे बसले.

तेव्हा कायद्याचं थोडक्यात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, संसार मोडणं सक्तीचं नाही. त्यात संरक्षणाचा आदेश मिळतो (कलम १८), राहत्या घराबद्दलचा (१९), खर्चाचा (२०). संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महिला व बालविकास खात्याचा संरक्षण अधिकारी घडलेल्या प्रकाराचा अहवाल लिहून घेतो. ते केलं म्हणजे दुसऱ्याच दिवशी खटला उभा राहतो असं नाही, पण तुमचं म्हणणं तारखेनिशी नोंदवलं जातं. सासरच्या छळाबद्दलची फौजदारी तक्रार, म्हणजे भारतीय दंड संहितेचं पूर्वीचं कलम ४९८अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, हा वेगळा रस्ता. तो घ्यायचा की नाही ते वकिलाशी बोलून ठरवा. वकिलाचा खर्च नको असेल तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलेला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि दागिने: स्त्रीधन बाईच्याच मालकीचं असतं, नवरा त्याचा मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलेलं आहे. बैठकीत ५०० च्या स्टॅम्पवर 'यापुढे त्रास देणार नाही' असं लिहून देण्याची टूम निघेल. लिहून देऊ द्या, पण त्या कागदाच्या भरवशावर गाडीत बसू नका. कोर्टाच्या आदेशाचं बळ त्याला नसतं.

जोडीने समुपदेशनाला या असं कुणी सुचवलं तर सध्या नको म्हणा. तुम्हाला त्याची भीती वाटते तोवर त्याच्या शेजारी बसून तुम्ही खरं बोलू शकणार नाही, आणि बोललात तर घरी गेल्यावर त्याचा हिशोब होतो. आधी तो वेगळा, तुम्ही वेगळ्या.

किती दिवस थांबायचं, हेही तुम्ही विचारलंय. किमान एक पूर्ण हंगाम. बागायतदाराच्या घरात हे सांगणं सोपं आहे. द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होतो, पण तो डोळ्यांना दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. मधल्या काळात नुसती हिरवीगार पानं बघून कुणी व्यापाऱ्याशी सौदा करत नाही. तुम्ही दिवाळीनंतर निघालात, आणि त्याचे हे चांगले महिने सगळ्यांच्या नजरेखाली गेलेत. अजून त्याच्या वाट्याला तुमच्याबरोबर गारपीट आलेली नाही, बुडालेला व्यापारी आला नाही, सोसायटीची निवडणूक आली नाही, एखाद्या लग्नात मित्रांनी आग्रहाने पुढे केलेला ग्लास आला नाही. हे सगळं एकदा येऊन जाऊ द्या, आणि तुम्ही ते लांबून, माहेरच्या किंवा भाड्याच्या घरातून बघा. माहेरी वर्षभर राहणं जड जाईल, वहिनीचं तोंड बदलेल, हे मला माहीत आहे. म्हणूनच खर्चाची मागणी आधी करा. तो जर बदलतो आहे, तर तुम्ही कुठेही राहा, तुमचा आणि मुलीचा खर्च देणं त्याला जड जाऊ नये.

या काळात सगळ्यांत जास्त कळतं ते त्याला 'नाही' म्हटल्यावर. तुम्ही सतरा वर्षांत त्याला फार वेळा 'नाही' म्हटलं नसणार. म्हटलं असेल तर काय झालं ते तुम्हाला आठवतच असेल. आता सुरक्षित अंतरावरून एक छोटं 'नाही' म्हणून बघा. तुमच्याकडे त्यासाठी खरं कारणही आहे. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आहे आणि ही सगळी मंडळी पाडव्याच्या आत निकाल मागतायत, यात कुणालाच काही खटकलं नाही याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. तुम्ही स्वतः त्याला मेसेज करा, भावामार्फत नको. लिहा की शेवटचा पेपर होईपर्यंत कुठलीही बैठक नाही, कुणी भेटायला यायचं नाही, मुलीला आजीचा फोन नको. कारणं देत बसू नका.

मग बघा. तो 'ठीक आहे' म्हणून खरोखर थांबला आणि आईलाही थांबवलं, तर ती पहिली चांगली खूण. 'मी एवढा बदललो तरी तुझा विश्वास नाही' असा लांबलचक मेसेज आला, दुसऱ्या दिवशी मामंजी 'सहज इकडे आलो होतो' म्हणून दारात उभे राहिले, किंवा मुलीच्या क्लासच्या बाहेर गाडी दिसली, तर तेही उत्तरच आहे. कोण आलं, कधी आलं, काय बोललं, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. मुलीच्या मोबाईलमधलं मूळ रेकॉर्डिंग तसंच राहू द्या. कापाकापी करू नका, तो फोन विकू नका. पुढे कधी ते कोर्टात द्यायची वेळ आली तर मूळ फाईल आणि ज्या फोनवर ती झाली तो फोन, दोन्ही वकिलाला हवे असतील. आणि बँकेत दागिने नेमके कुणाच्या कर्जाला तारण आहेत त्याची पावती किंवा निदान खातेक्रमांक घरातून मिळवता आला तर बघा. तुमच्याकडे लग्नातली खरेदीची बिलं किंवा दागिने घातलेले फोटो असतील तर ते आजच एका पिशवीत काढून ठेवा.